पागनीस भियांची व्हॅन

पागनीस भिया बसमध्ये स्वतः सगळ्यांत शेवटी बसायचे. आधी ते इतरांना बसवायचे. छत्रीबागेच्या स्टॉपवर चढले की मधल्या वाटेत उभे राहायचे, पंगतीवर नजर ठेवणाऱ्या यजमानासारखं बसभर बघायचे आणि सुरू व्हायचे. "भिया, जरा सरकून घ्या. बाईजी, ती थैली मांडीवर घ्या ना, थैलीचं तिकीट काढलं आहे का? या मॅडमजी, तुम्ही इथे बसून घ्या. ॲडजस्ट होऊन जाईल." भिया म्हणजे इंदुरी 'भैया', तो कोणीही; मॅडमजी म्हणजे मी. मला खरं तर उभं राहायचं असायचं. सांगलीहून नोकरीसाठी इंदुरात आलेली मी एकटी बाई. कानात इयरफोन घालून, कोणाशी एक शब्दही न बोलता सांवेर रोडला कामावर पोहोचावं, एवढीच माझी सकाळची अपेक्षा होती. ती पागनीस भियांनी एकही दिवस पुरी होऊ दिली नाही.

पहिल्याच सकाळी त्यांनी माझं नाव, गाव, शिक्षण, लग्न झालं नसल्यास का नाही, हे सगळं विचारून घेतलं. पुढच्या स्टॉपपर्यंत ते अख्ख्या बसला माहीत झालं होतं. "सांगलीच्या? मग तर आपल्याच झाल्या! आमचे पणजोबा होळकरांच्या वेळी तिकडूनच कुठून तरी आले होते. कुठून, ते आता कोणाला माहीत नाही." त्यांचं मराठी माझ्या कानाला भातात खडा लागावा तसं लागायचं. ते 'येत' नसत, 'येऊन राहिले' असत. ते काही सांगत नसत, 'सांगून देत'. त्यात भर म्हणजे आम्ही दोघं एकाच कारखान्यात निघालो. पंपाचे सुटे भाग बनवणारा कारखाना, ते डिस्पॅचला, मी तपासणी विभागात. म्हणजे सुटका परतीच्या बसमध्येही नव्हती. मी पर्समधून इयरफोन काढले की म्हणायचे, "ठेवून द्या ते पर्समध्ये. माणसं बसली आहेत ना इतकी, त्यांचं ऐका."

त्यांची जोडी होती यादवजींशी. यादवजी आमच्या शेजारच्या कारखान्यात होते आणि दोन स्टॉप पुढे चढायचे. त्यांच्यासाठी मागच्या दाराजवळची एक जागा पागनीस भिया रुमाल टाकून धरायचे आणि त्यावरून भांडायचेही. मग दोघं एकाच कागदातून सेव खात बसायचे. बोलणं म्हणजे क्रिकेट, जावई आणि गुडघे. यादवजी बोलायचे हिंदीत, हे मराठीत. एकमेकांची भाषा सुधारण्याच्या भानगडीत दोघांपैकी कोणी कधी पडलं नाही.

मग कोरोना आला, बस बंद झाल्या, कारखाना बंद झाला. पुढे कारखाना उघडला आणि काही दिवसांनी बसही सुरू झाल्या. एकाआड एक सीटवर फुल्या मारल्या होत्या. मला वाटलं, आता या फुल्यांवरही पागनीस भिया कोणाला तरी बसवणार. पण ते पहिल्या दिवशी मास्कवर मास्क लावून चढले आणि खिडकीशी जाऊन गप्प बसले. यादवजींची जागा मात्र धरली, मधली फुलीची सीट सोडून पलीकडची. दोघं फुलीवरून मोठ्याने बोलायचे. हळूहळू यादवजींनी सेवचा कागदही परत आणला. "अब क्या है भिया, अब तो सब खुल गया," ते म्हणायचे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली आणि दोघंही एकाच आठवड्यात आजारी पडले. पागनीस भिया घरी राहून बरे झाले. यादवजींना खाट मिळेपर्यंत फार उशीर झाला होता. त्यांच्या अंत्यसंस्काराला कोणाला जाता आलं नाही. पागनीस भियांना तर ते गेल्याचंच चार दिवसांनी सांगितलं. त्यांचा स्वतःचा ताप उतरण्याची घरचे वाट बघत होते.

भिया कामावर परतले ते व्हॅन घेऊनच. कोणाची तरी जुनी पांढरी व्हॅन होती, बाजूला सरकणाऱ्या दाराची. पन्नाशी उलटून गेल्यावर ते गाडी शिकले होते आणि ते दर चौकात कळत होतं. चौथा गिअर त्यांना मान्यच नव्हता. एका सकाळी स्टॉपवर व्हॅन थांबवून त्यांनी मला बोलावलं, "मॅडमजी, बसून घ्या. बसमध्ये नाही जायचं आता." मला दुचाकी येत नाही, कॉलेजात असताना पडले होते, तो गुडघा अजून दुखतो. बस येईलच याची खात्री नव्हती. मी बसले. ती चूक मला दोन वर्षांहून जास्त काळ निस्तरावी लागली.

व्हॅनमध्ये मी आणि स्टोअरमधले भावसारजी, इतकेच. बाहेरचा माणूस घ्यायचा नाही. मी डावीकडे खिडकीशी, भावसारजी अगदी मागे, रोज त्याच जागी. काचा पूर्ण खाली, मग मे महिन्याची झळ असो की जानेवारीतला गारठा. चढताना हातावर सॅनिटायझर, उतरताना परत. मास्क नाकाखाली आला तर गाडी बाजूला थांबायची आणि तो वर जाईपर्यंत हलायची नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे बोलायचं नाही. "बोलल्याने हवा फिरते." ज्या माणसाने मला वर्षभर इयरफोन लावू दिले नव्हते, तोच आता आरशातून बघून म्हणायचा, "मॅडमजी, इयरफोन लावून घ्या ना." ते लावले की हॉर्न ऐकू यायचा नाही आणि त्यांचं गाडी चालवणं बघता हॉर्न ऐकू येणं माझ्या जिवाच्या दृष्टीने आवश्यक होतं.

कारखान्यातही तेच. डबा ते व्हॅनमध्ये बसून खायचे, पाठ आमच्याकडे करून. इतरांचे मास्क हनुवटीवर उतरले, मग खिशात गेले, मग घरीच राहू लागले. यांचा होता तिथेच होता. चेष्टा झाली, वाद झाले. काही उपयोग झाला नाही. "अपुन रिस्क नाही घेत," एवढं म्हणून ते आपल्या पावत्यांकडे वळायचे.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. माझा खरा संताप पुष्पाकाकूंवरून होता.

पुष्पाकाकू म्हणजे त्यांची बायको. तुकोगंजमधल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात त्या लग्नानंतर लवकरच लागल्या होत्या. पेशंटचे नंबर लावायचे, म्हाताऱ्यांना हाताला धरून आत न्यायचं, डॉक्टर चिडले की त्यांनाही समजवायचं. रोज सिटी बसने जायच्या, यायच्या. लॉकडाउनमध्ये दवाखाना बंद झाला, तो पुढे उघडला, पण काकूंना भियांनी परत जाऊ दिलं नाही. दवाखान्यात नको, बसमध्ये नको, मंडईत नको, बहिणीच्या नातवाच्या बारशालाही नको. भाजी ते स्वतः आणायचे आणि पाण्यात बुडवून ठेवायचे. मी त्यांच्या गल्लीत गेले तर काकू वरच्या गॅलरीतून बोलायच्या. एकदा म्हणाल्या, "नीता, जरा उभी राहा ना अजून. कोणाशी बोलताना आवाज किती चढतो, ते मी विसरून गेले बघ."

त्या दिवशी व्हॅनमध्ये मी बोलण्याचा नियम मोडला. "भिया, सगळं उघडलं आहे. शाळा उघडल्या, लग्नं होताहेत, सराफ्यात रात्री खाण्याच्या गाड्यांपुढे पाय ठेवायला जागा नसते. काकूंना अजून किती दिवस कोंडून ठेवणार आहात?"

त्यांनी आरशात बघितलं नाही. "यादवजी पण हेच म्हणायचे," ते म्हणाले. "अब तो सब खुल गया."

मी इयरफोन कानात घातले. माझा राग मात्र तिळभरही कमी झाला नाही. उलट बोलता येत नाही म्हणून तो वाढला.

पुढे पावसाळा संपता संपता ते घडलं. सकाळी आम्ही राजवाड्याच्या बाजूने निघालो होतो. सिग्नलला शेजारी सिटी बस येऊन थांबली. मी सहज वर बघितलं तर खिडकीत पुष्पाकाकू. मरून रंगाची साडी, केसांत फूल, मास्क लावलेला, आणि शेजारच्या बाईशी हातवारे करत गप्पा चाललेल्या. मी पटकन मान वळवली. पण भियांनी माझ्या नजरेच्या दिशेने बघितलं.

"ही... ही आमची पुष्पा आहे का?"

सिग्नल सुटला, बस उजवीकडे वळली. आम्हाला सरळ जायचं होतं. व्हॅन बसच्या मागे वळली.

"भिया, फैक्टरी तो उधर है," मागून भावसारजी म्हणाले.

भियांनी ऐकलं नाही. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा चौथ्या गिअरमध्ये बघितलं. एक रिक्षावाला काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढच्या स्टॉपला त्यांनी व्हॅन बसच्या अगदी पुढे आडवी लावली, उतरले आणि खिडकीखाली जाऊन उभे राहिले.

"पुष्पा, खाली उतर!"

"नाही उतरत."

"अगं भीड आहे त्याच्यात!"

"कुठे आहे भीड? अर्ध्या सीटा खाली आहेत. सगळे तुमच्यासारखे आपापल्या गाड्या घेऊन बसले आहेत." काकू सगळ्या बसला ऐकू जाईल असं बोलत होत्या आणि सगळी बस ऐकत होती. "डॉक्टरसाहेबांनी बोलावलं आहे. नवीन मुलगी पेशंटशी भांडते. मी कामावर जाऊन राहिले आहे. तुम्ही पण जा."

"अंकलजी," कंडक्टर दारातून म्हणाला, "चढ़ना है तो चढ़ो, नहीं तो गाड़ी हटाओ."

मागे हॉर्न सुरू झाले होते. मी मान खाली घालून बसले होते आणि माझ्या इज्जतीचा विचार करत होते. भियांनी गाडी बाजूला घेतली, बस पुढे जाऊ दिली आणि पुन्हा तिच्या मागे लागले. थेट तुकोगंजपर्यंत. काकू उतरल्या, तेव्हा ते त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. काकूंनी पर्स खांद्यावर नीट केली.

"तुम्ही यादवजींसाठी आतल्या आत रडता, ते मला कळतं," त्या म्हणाल्या. आता आवाज बसमधला नव्हता. "पण मी जिवंत आहे ना हो? मला का त्यांच्याबरोबर पाठवून राहिले?"

आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढून आत गेल्या. भिया व्हॅनमध्ये येऊन बसले, हाताला सॅनिटायझर लावलं आणि आम्हाला सांवेर रोडला घेऊन गेले. तिथे साहेबांनी आम्हा तिघांना उशिराबद्दल भरपूर ऐकवलं.

एखाद्या समजूतदार माणसाने इथे हार मानली असती. पागनीस भियांनी दुसऱ्या दिवसापासून काकूंच्या बसचा पाठलाग सुरू केला. रोज. काकू बसमध्ये, बसच्या मागे आमची व्हॅन. बस थांबली की आम्ही थांबणार, चालली की चालणार. काकू तुकोगंजला सुखरूप उतरून आत गेल्या की मग आम्ही शहर ओलांडून उलट्या दिशेला कामावर. "कोण खोकतो, कोण नाही, लक्ष ठेवायला पाहिजे ना," असं त्यांचं म्हणणं. चालत्या बसमधलं खोकणं मागच्या व्हॅनमधून कसं ऐकू येणार आणि आलं तरी आम्ही काय करणार, हे मी विचारलं. त्यांनी गिअर बदलला. भावसारजींनी महिनाभर कळ काढली आणि एक दिवस स्कूटर घेऊन टाकली. मी भियांच्या हातापाया पडून फक्त एवढं मिळवलं की सगळेच घरून लवकर निघू लागलो. म्हणजे आता माझी झोपही गेली.

त्याच हिवाळ्यात त्या मार्गावरच्या बस कमी होऊ लागल्या. कोणी सांगितलं नाही, कुठे पाटी लागली नाही, बस नुसत्या येईनाशा झाल्या. बसायला माणसंच नव्हती. भावसारजींसारखी स्कूटर घराघरांत उभी होती. काकू स्टॉपवर उभ्या, त्यांच्याबरोबर आणखी चार-पाच बाया, आणि थोडं मागे आम्ही व्हॅनमध्ये न येणाऱ्या बसचा पाठलाग करत बसलेलो. एका सकाळी फारच उशीर झाला. शेवटी भियांनी व्हॅन पुढे घेतली.

"पुष्पा, बसून घे. मी सोडतो."

काकूंनी शेजारी बघितलं. "ही शबाना. नर्सिंग होममध्ये आहे, माझ्या दवाखान्याच्या पुढेच. हिला पण घ्या."

"बाहेरचं कोणी नाही. मी सांगून दिलं आहे."

"मग मी पण नाही बसत."

"अगं ऐक ना!"

"भाईसाब, रहने दीजिए," शबानाबाई म्हणाल्या. मग काकूंकडे वळल्या. "आज फिर देर हुई तो निकाल देंगे, दीदी. मैं पैदल निकलती हूँ." आणि त्या खरंच चालू लागल्या. तुकोगंज काही चालत जाण्यासारखं नाही, निदान वेळेवर पोहोचायचं असेल तर नाही. पदर खोचून, झपझप, गाड्यांच्या कडेकडेने त्या निघाल्या होत्या.

भिया स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. मास्कच्या वर मला त्यांचे डोळे दिसत होते. काकू हाताची घडी घालून फुटपाथवर उभ्या होत्या आणि काहीही मदत करत नव्हत्या. मीही केली नाही. मला वाटतं, त्या क्षणी मी भियांवर जेवढी चिडले होते तेवढी आधी कधीच चिडले नव्हते. मग ते खाली उतरले. सरकतं दार त्यांनी स्वतः उघडलं. ते नेहमी अडकायचं, खांदा लावून ढकललं. आणि पुढे तोंड करून ओरडले, "ओ शबानाजी! वापस आइए! बैठिए!" शबानाबाई वळल्या, तोवर उरलेल्या बायांनी आपापल्या पिशव्या उचलल्या होत्या. भियांनी त्यांना अडवलं नाही. फक्त एकेकीच्या हातावर बाटली उपडी करत राहिले. इतकी, की व्हॅनमध्ये दवाखान्यासारखा वास भरला.

तेव्हापासून ती व्हॅन भियांची राहिली नाही. काकू पुढे बसायच्या. मागे शबानाबाई, शिवणाच्या दुकानात जाणाऱ्या दोघी बहिणी, कधी त्यांची आणखी कोणी, आणि खिडकीला चेपलेली मी, मांडीवर कोणाचा तरी डबा. सगळ्या एकदम बोलायच्या. "बोलू नका हो, हवा फिरते," भिया पुढून सांगायचे आणि ते कोणालाही ऐकू जायचं नाही. त्यांनी काचा उघड्या ठेवल्या, मास्क ठेवला, बाटली ठेवली. बाकी त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. एकदा शिवणवाल्या बहिणींपैकी एक शिंकली. सगळी व्हॅन गप्प झाली. भियांची मान ताठ झाली, पाठीमागून मला ती दिसली. गाडी बाजूला जाणार, असं मला वाटलं. गाडी चालत राहिली. पुढच्या सिग्नलला ते म्हणाले, "हळदीचं दूध घ्या संध्याकाळी." शबानाबाईंनी तिला ते हिंदीत करून सांगितलं, त्याची गरज नव्हती.

गेल्या वर्षी मला कोल्हापुरात नोकरी मिळाली, आईजवळ. इंदूर सोडण्याच्या दिवशी मी त्यांना स्टेशनवर येऊ नका म्हणून बजावलं होतं. दोघंही आले. भियांनी माझी बॅग धरली आणि जिन्यावरच्या गर्दीतून अंग चोरत, लोकांना चुकवत, कपाळाला आठ्या घालून मला प्लॅटफॉर्मवर आणलं. गर्दीत ते इतके अवघडलेले होते की मलाच कसंसं झालं. मग गाडीचा डबा शोधण्यावरून त्यांनी माझ्याशी वाद घातला आणि माझं मन ताळ्यावर आलं.

"एक फोटो काढू," मी म्हटलं. "भिया, मास्क काढा."

"राहू द्या ना, फोटोत काय फरक पडतो?"

"काढा हो," काकू म्हणाल्या.

त्यांनी एका कानावरची दोरी काढली, मग दुसरी. मी फोन वर धरला आणि तो तसाच राहिला. बसमध्ये सेव खाणारा, सगळ्यांना सरकवणारा तो माणूस माझ्या डोक्यात काळ्या मिशीचा होता. त्या सगळ्या वर्षांत, रोज त्यांच्या गाडीत बसून, मी त्यांचा चेहरा पाहिलाच नव्हता. मिशी पूर्ण पांढरी झाली होती. गाल आत गेले होते. खालच्या ओठाला एक बारीक थरथर होती, ती कधीपासून होती मला माहीत नाही.

"काय बघून राहिल्या?" ते म्हणाले.

"मिशी पांढरी झाली तुमची."

"केव्हाच झाली," काकू म्हणाल्या. "मी बघते ना रोज."

भियांनी मिशीवरून हात फिरवला, जणू त्यांनाही ती बातमी नवीन होती. मी फोटो काढला. मग गाडीची वेळ झाली, त्यांनी मला घाई करून आत चढवलं, जागा कोणती घ्यायची ते सांगितलं, पाणी घेतलं का विचारलं, शेजारच्या माणसाला माझं नाव, गाव आणि नोकरी सांगून दिली. मी कपाळावर हात मारला. गाडी हलली तेव्हा काकू हात हलवत होत्या. भियांच्या मुठीत मास्क तसाच होता. तो लावायला ते विसरले होते की लावायचा नव्हता, हे मला चालत्या गाडीतून कळलं नाही. काकूंनी त्यांच्या दंडाला धरलं होतं, आणि दोघं त्या सगळ्या माणसांतून हळूहळू जिन्याकडे निघाले होते.